फारोचा दोष काय होता, दादा?

दादा, तुझ्या स्मरणसभेत चार शब्द बोल म्हणून चर्चचे पाळकसाहेब दोनदा घरी येऊन गेले. मी दोन्ही वेळा चहा दिला आणि दोन्ही वेळा नाही म्हणाले. काय बोलणार होते मी? दादा प्रेमळ होते? होतासच. दादांचा शास्त्राचा अभ्यास दांडगा होता? तो तर नको तितका होता. ते सगळं इतरांनी सांगितलं आणि छान सांगितलं. तुझे शाळेतले जुने विद्यार्थी, आता स्वतः टक्कल पडलेले, ढसाढसा रडले. मी मागच्या बाकावर बसून होते आणि मला नुसता राग येत होता. तुला जाऊन तीन आठवडे होऊन गेले, पण तो राग काही उतरत नाही. माणूस गेला की त्याच्यावर रागावू नये म्हणतात. मग कुणावर रागवायचं ते तरी सांगा म्हणावं.

आपलं भांडण तसं फार जुनं. मी नऊ वर्षांची, तू एकोणीसचा, आणि शरणपूरच्या आपल्या देवळात, म्हणजे या चर्चमध्येच, तू रविवारची शाळा घ्यायचास. मिसर देशाच्या फारो राजाची गोष्ट तू अशी सांगायचास की आम्ही बाकाखाली पाय सोडायला घाबरायचो, बेडूक असतील म्हणून. राजाने इस्राएली लोकांना गुलाम करून ठेवलेलं. देव मोशेला पाठवतो, म्हणतो, माझ्या लोकांना सोड. राजा नाही म्हणतो. मग संकट येतं, कधी बेडूक, कधी टोळ, कधी गारा. राजा घाबरून हो म्हणतो, संकट टळलं की पुन्हा नाही. शेवटच्या संकटात घरोघरची थोरली मुलं मरतात. सगळी पोरं ‘बरं झालं’ म्हणाली. मी हात वर केला. शास्त्रात तर लिहिलंय की देवानेच राजाचं मन कठीण केलं, मग राजाचा दोष काय? आणि त्या मुलांचा काय? तू म्हणालास, ‘नंदे, मोठी झालीस की कळेल.’ मी आता एक्कावन्न वर्षांची आहे.

उत्तर तुलाही सापडलं नव्हतं, हे मला फार पुढे कळलं. मास्तरकी लागल्यावर तुझ्या खिशात ती लाल-निळी पेन्सिल आली, एका टोकाला लाल, दुसऱ्याला निळी. वह्या तपासून झाल्या की तू त्याच पेन्सिलीने शास्त्र तपासायला बसायचास. जिथे राजाने स्वतःचं मन कठीण केलं असं लिहिलंय तिथे लाल रेघ, जिथे देवाने केलं तिथे निळी. मला मुद्दाम बोलावून दाखवलंस. ‘बघ, सुरुवातीला लाल जास्त आहे. निळा नंतर वाढतो. आधी माणूस स्वतःच मन घट्ट करतो, नंदे. सिमेंट कालवतो आपण. देव फक्त ते सुकू देतो.’ सुधीर शेजारीच पेपर वाचत बसला होता. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, ‘म्हणजे तुमचा देव गवंडी.’ तू इतका हसलास की पेन्सिल खाली पडली.

सुधीर माझा नवरा होता, पण मित्र तो तुझाच जास्त. सातपूरच्या कारखान्यात फिटर, देवळात फक्त नाताळाला यायचा, तेही केकसाठी असं स्वतःच सांगायचा. दर रविवारी उपासना संपली की तू आमच्याकडे जेवायला. मटणाच्या रश्श्यावर तुमचं जुंपायचं. ‘लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण,’ असं तो तुला तोंडावर म्हणायचा, आणि तू त्याच्याच ताटातली नळी उचलायचास. चर्चमधल्या कुणाला तू इतकं बोलू दिलं नसतंस. वहिनी आणि मी स्वयंपाकघरातून एकमेकींकडे बघून डोळे फिरवायचो. माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले रविवार तेच, हेही सांगून टाकते. रागात राहून जायला नको.

आणि तुला कळत नव्हतं असं तर अजिबात नाही. गोदेला मोठा पूर आला त्या वर्षी बाहेरगावचा एक उपदेशक आपल्याकडे संदेश द्यायला आला होता. पंचवटी पाण्याखाली गेली हा मूर्तिपूजकांवर देवाचा कोप आहे, असं तो व्यासपीठावरून बोलला. तू भर उपासनेत उभा राहिलास. म्हणालास, ‘भाऊ, पाणी आपल्याही चार कुटुंबांच्या घरात शिरलंय. त्यांच्या घरात शिरलं तो कोप, आणि आपल्या घरात शिरलं ते पाणी, असं कसं?’ दुपारी सुधीरला घेऊन तू रामकुंडाजवळच्या गल्लीत गेलास. तुझ्या शाळेतल्या कुठल्याशा गुरुजींच्या घरात मांडीभर गाळ होता. तुम्ही दोघं तीन दिवस तो घमेल्याने उपसत होतात. चौथ्या दिवशी तुझी पाठ धरली आणि मी शेक देताना तू म्हणालास, ‘न्याय करणं देवाचं काम आहे नंदे, आपलं काम गाळ काढायचं.’ किती अभिमान वाटला होता मला तुझा. परक्या माणसाच्या गल्लीत तुला जे इतकं स्वच्छ दिसलं, ते घरच्या माणसाच्या शवपेटीपुढे उभं राहिल्यावर कसं दिसलं नाही?

ते बोलायलाच हवं.

सुधीरच्या छातीत दुखायचं. तू डॉक्टरकडे दोनदा नंबर लावलास, दोनदा तो गेला नाही. दुसऱ्यांदा तर त्या वेळेला मित्रांबरोबर मिसळ खायला गेला आणि तुला फोन करून वर तर्रीचं वर्णन ऐकवलं. तू चिडलास, महिनाभर चिडलेला होतास. मग एका सकाळी कारखान्यातून फोन आला. मशीनजवळच कोसळला होता, दवाखान्यात न्यायलाही उरला नव्हता. आमची स्तुती तेव्हा अकरा वर्षांची होती.

पाळकसाहेब परगावी होते, म्हणून अंत्यविधी तू चालवलास. मला बरंच वाटलं, आपलाच माणूस आहे म्हणून. आणि तू पेटीच्या उशाशी उभा राहून फारो काढलास! दादा, शास्त्रात काय कमी उतारे आहेत रे? मेंढपाळाचे आहेत, आईने लेकराला कुशीत घ्यावं तसे आहेत, रडणाऱ्यांचे डोळे पुसणारे आहेत. त्या सगळ्यांतून तुला हाच मिळाला. ‘देव एकदा सांगतो, दोनदा सांगतो,’ तू म्हणालास. ‘माणूस ऐकत नाही. मग देवच त्याचं मन कठीण करतो, आणि त्यानंतर फक्त न्याय उरतो.’ सगळी मंडळी पेटीकडे बघत होती. कुणाबद्दल बोलतोयस ते लहान पोरालाही कळत होतं.

पोरालाच कळलं. दफनभूमीत माती टाकून झाल्यावर स्तुतीने माझा पदर ओढला. ‘आई, मामा पप्पांना फारो म्हणाला का?’

‘देव एकदा सांगतो, दोनदा सांगतो’ म्हणे. देवाने नव्हतं सांगितलं, दादा. तू सांगितलं होतंस. ईसीजी काढ म्हणून तू सांगितलंस आणि त्याने तुझं ऐकलं नाही. जिवाभावाचा माणूस आपलं न ऐकता मरून गेला, याचा तुला राग आला होता. येणारच. मलाही आला होता, मी तर त्याच्या फोटोलाही बोलायचे. पण तू तुझा राग देवाच्या नावावर खपवलास. व्यासपीठावर उभं राहिलं की आपलं दुखणंसुद्धा देववाणी वाटायला लागतं का रे माणसाला?

फाटकाशी मी तुला गाठलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, ‘आजपासून माझ्या दारात पाय ठेवू नकोस.’ मान खाली घातलीस आणि गेलास.

आणि ठेवला नाहीस! उभ्या आयुष्यात माझं एक ऐकलं नाहीस. मास्तरकी धरू नको म्हणाले तर धरलीस, मोटारसायकल घे म्हणाले तर स्कूटर घेतलीस, वहिनीला पसंत करताना माझं मत विचारून बरोबर उलटं केलंस, आणि तेही देवाच्या कृपेने बरं निघालं. आणि ऐकायचं ते नेमकं हे ऐकलंस. नऊ वर्षं. राखी मी वहिनीकडे पाठवायचे, सवय म्हणून, आणि तू त्याच वाटेने साडी पाठवायचास. स्तुतीची फी भरायची राहिली की काय, तिला कुठल्या कॉलेजात घालायचं, सगळं तू विचारायचास, पण वहिनीच्या तोंडून. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ते आपल्या दोघांना बघूनच कुणीतरी म्हटलं असणार.

देऊळ मात्र एकच. पुरुषांच्या बाजूला तू, बायकांच्या बाजूला मी. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, भाकर आणि द्राक्षाचा रस फिरतो. तो रस गेली कितीतरी वर्षं तूच करून आणायचास. हंगामात दिंडोरीहून काळी द्राक्षं आणायचास, एरवी मनुका भिजवायचास, आणि वहिनीच्या मोठ्या पातेल्यात उकळून गाळून घ्यायचास. त्या रविवारी पाळकसाहेब मेजाजवळ आले की तू हळूच उठून बाहेर जायचास. आम्हाला वाटायचं, दिंडोरीची सभा गाठायची घाई. तिथे द्राक्षबागांत काम करणाऱ्या आठ-दहा कुटुंबांची मंडळी आहे, तू त्यांना शिकवायला जायचास. सगळे म्हणायचे, मास्तरांना देवाच्या कामाची केवढी ओढ. मी मनात म्हणायचे, नाटकं.

दिंडोरीला मी एकदाच आले होते तुझ्यासोबत, सुधीर होता तेव्हा. पत्र्याच्या शेडमध्ये सभा होती, बाहेर फवारणीचे पंप ठेवलेले. तू फारोच सांगत होतास, तुला दुसरं काही सुचायचंच नाही. हिराबाई नावाची एक बाई पुढे बसली होती, हातावर औषधाचे निळसर डाग. ती म्हणाली, ‘मास्तर, म्या अडानी हाय. पन देवानंच त्याचं मन दगड केलं तर राजाचा काय दोस हाय? मालकानंच पंपाची नळी बंद केली आन् म्हनला, फवारलं का नाय, तर गड्यानं काय करावं?’ मी टाळी वाजवायचीच बाकी होती. येताना आपण स्कूटरवर होतो. मी मागून म्हणाले, ‘आता तिलाही सांग, मोठी झालीस की कळेल.’ तू नुसताच स्कूटरचा वेग वाढवलास.

आता माझं ऐक. मीच काय ती शहाणी असं मला म्हणायचं नाही.

वहिनीचा फोन आला तेव्हा दुपार होती. ‘नंदा, ह्यांना दवाखान्यात आणलंय, लवकर ये.’ मी गवार फोडणीला टाकली होती. गॅस बंद करून निघायला एक मिनिट लागलं असतं. मी बंद केला नाही. गवार शिजू दिली, मीठ टाकलं, चव घेतली. मग पोळ्याही लाटल्या, सहा. स्तुती कॉलेजातून भुकेली येईल, असं स्वतःला सांगितलं. स्तुती त्या दिवशी डबा घेऊन गेली होती. मला ते माहीत होतं, तो डबा मीच भरला होता. रिक्षा करून पोचले तेव्हा वहिनी बाकड्यावर बसली होती आणि तिच्या मांडीवर तुझा चष्मा होता. वीस मिनिटं झाली होती म्हणाली. त्या सहा पोळ्या कुणी खाल्ल्या नाहीत.

त्यानंतरच्या आठवड्यात मी वहिनीकडे बसले होते. हिराबाई दिंडोरीहून भेटायला आली होती, जमिनीवर बसून डोळे पुसत होती. बोलता बोलता मी म्हणाले, पहिल्या रविवारी तरी दादाने इतकी घाई करायला नको होती, निदान भाकर घेऊन निघायचं. वहिनी माझ्याकडे बघतच राहिली. ‘कसली घाई? दिंडोरीची सभा दुपारी तीनला असते.’

‘मग कुठे जायचा तो?’

‘फाटकाबाहेर उभे राहायचे. शेवटचं गाणं सुरू झालं की मी निघायचे आणि दोघं घरी.’ ती साडीची किनार चाचपत राहिली. ‘बहिणीशी समेट झालेला नाही, मी कुठल्या तोंडाने मेजाजवळ बसू, म्हणायचे. नऊ वर्षं भाकर घेतली नाही त्यांनी. तुला माहीत आहे असं वाटलं मला.’

हिराबाई म्हणाली, ‘मास्तरांनी माज्या सवालाचं उत्तर कंदी दिलं नाय बघा. शेवटी शेवटी म्हनायचे, हिराबाई, तू राजाचं सोड. माज्यासाठी प्रार्थना कर.’

इथे मी विरघळायला हवं होतं, नाही का? चांगली बाई विरघळली असती. मी घरी येऊन स्टीलचा डबा भिंतीवर फेकून मारला. अरे माणसा! ज्या भाकरीवर तुझा जीव, जो रस तू स्वतःच्या हाताने उकळायचास, तो सोडणं तुला जमलं. शंभरावर रविवार उपाशी राहणं जमलं. आणि ‘नंदे, चुकलो’ एवढे दोन शब्द जमले नाहीत? बाहेर उभं राहणं तुला सोपं वाटलं? तू प्रामाणिक होतास, मान्य. समेट नसताना मेजाजवळ बसायचं नाही, हे तू पाळलंस. पण तो नियम माणसाला उपाशी ठेवायला केलेला नाही रे, बहिणीकडे धाडायला केलेला आहे. नियमाचा पहिला अर्धा तू पाळलास आणि दुसरा अर्धा सोडून दिलास. मास्तर असून अर्ध्याच गणिताला मार्क घेतलेस.

आणि मी? मी एकही रविवार चुकवला नाही. दर महिन्याला भाकर घेतली, डोळे मिटून, तोंडाने आमेन म्हणत. तू उठून जाताना तुझ्या पाठीकडे बघत, मनात नाटकं म्हणत, प्याला ओठाला लावला. माझ्या मनात कधी आलंच नाही की वैर माझंही आहे. मला वाटायचं, माझ्याकडे तर सगळं बरोबर आहे, नवरा माझा गेला, अपमान माझा झाला. आता रोज शास्त्र उघडते. तुझी लाल कुठली आणि निळी कुठली ते शोधत बसते. आपल्या दोघांच्या बाबतीत देवाला फारसं काही करावं लागलेलं नाही, एवढं मला कळलंय. म्हणजे मी मोठी झाले म्हणायची.

तू माफी मागायला आला असतास तर मी काय म्हणाले असते, तेही सांगते. नाही म्हणाले असते. पहिल्यांदा तर दार तोंडावर लावलं असतं. दुसऱ्यांदा स्तुतीला पुढे केलं असतं, आधी तिची माफी माग म्हणून. तिसऱ्यांदा रडले असते आणि पुन्हा नाहीच म्हणाले असते. चौथ्यांदा कदाचित पाणी दिलं असतं. हे तुला ठाऊक असायला हवं होतं, जन्मभर तीच गोष्ट शिकवत होतास ना? फारोने कितीदा हाकललं, तरी देव त्याच्या दाराशी माणूस पाठवत राहिला. इतका दगड राजा, तरी पाठवत राहिला. ते तुला कधी दिसलं नाही, तू रेघा मोजत बसलास. मी तर तुला एकदाच हाकललं होतं.

काल पहिला रविवार होता. तुझ्यासारखाच पातेल्यात उकळून वहिनीने रस आणला होता, घरची सवय म्हणून. पाळकसाहेब नेहमीसारखंच म्हणाले, कुणाचं कुणाशी वैर असेल तर त्याने आधी जाऊन समेट करावा, मग मेजाजवळ यावं. इतकी वर्षं कानावरून गेलेलं ते बोलणं काल पहिल्यांदा ऐकू आलं. मी उठले. स्तुतीने हात धरला, ‘आई, कुठे?’ मी हात सोडवून घेतला आणि बाकांमधून चालत बाहेर आले. रस्त्यावर नेहमीच्या गाड्या चालल्या होत्या. फाटकाजवळ, तू उभा राहायचास तिथेच कुठेतरी, मी उभी राहिले आणि आतलं गाणं ऐकत राहिले.

तुझी कीव करायची असं ठरवून आले होते. जमलं नाही. कारण तू इथे उभा असायचास तेव्हा मी आत होते, दादा. वीस पावलांवर, धडधाकट, जिवंत. तुला फक्त मागे फिरून आत यायचं होतं. मला सांगितलंय, आधी जा, भावाशी समेट कर. मी निघाले पण, आणि आता मला जायला कुठेच नाही.